छोट्या जागेतला वेल गुलाब, आणि तो आडवा का बांधायचा

वेल गुलाबाला मोठी बाग लागते असं आपल्याकडे जे धरून चालतात नं, ते मला अजिबात पटत नाही. म्हणजे बंगला पाहिजे, कमान पाहिजे, कमानीखालून गाडी आत गेली पाहिजे, तरच क्लाइंबर, नाहीतर मग कुंडीतला नेहमीचा गुलाब. आमचा पुण्यात जुन्या सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट आहे, पुढे कंपाउंड वॉल आणि पार्किंगच्या मधे जेमतेम ४ फूट रुंदीचा मातीचा पट्टा, आणि तेवढ्यात कढीपत्ता आहे, गवती चहा आहे, तुळस आहे, आणि भिंतीवर कॉकटेल नावाचा वेल गुलाब आहे जो डिसेंबरात भिंत दिसू देत नाही. येणारे-जाणारे गेटपाशी थांबतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "हे गुलाबच आहे का हो?"

गुलाबच आहे. फक्त पाच पाकळ्यांचा आहे. आपल्याला फुलवाल्याकडचा घट्ट, उंच कळीचा, लांब दांड्याचा गुलाब बघायची इतकी सवय झालीये (तळेगावच्या पॉलिहाऊसमधून येतात तसा) की पाच पाकळ्या दिसल्या की लोकांना ते रानफूल वाटतं. कॉकटेलचं फूल उमलतं तेव्हा पाकळ्या लालभडक आणि मधे पिवळा डोळा, एकदम स्वच्छ पिवळा, त्यात पिवळेच पुंकेसर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो पिवळा फिका होत होत पांढरा होतो आणि लाल जरा गडद, किरमिजीकडे जातो. फुलं झुपक्यात येतात, त्यामुळे एकाच झुपक्यात पिवळ्या डोळ्याची ताजी आणि पांढऱ्या डोळ्याची जुनी अशी दोन्ही फुलं शेजारी शेजारी असतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं दोन वेगळी झाडं लावलीत. सकाळी ऊन भिंतीवर आलं की सातेरी मधमाश्या येतात. गुलाबात मध फारसा नसतोच, त्या परागासाठी येतात, आणि भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबात त्यांना केसरापर्यंत पोचताच येत नाही, इथे सगळं उघडं. पाच मिनिटं तिथे उभं राहिलं तर मागच्या पायांवर पिवळी गोळी जमलेली अगदी स्पष्ट दिसते.

हा गुलाब फ्रान्सिस मेयाँ यांनी १९५७ मध्ये काढला, म्हणजे ज्यांचा 'पीस' नावाचा गुलाब जगभर गेला तेच मेयाँ, आणि पुढच्याच वर्षी ते वारले. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला जागतिक गुलाब महासंघाचं अधिवेशन झालं तेव्हा कॉकटेलला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ज्यात 'पीस' आहे, 'आइसबर्ग' आहे, 'न्यू डॉन' आहे. पाच पाकळ्यांच्या गुलाबाला तिथे जागा मिळाली ह्याचा मला मनापासून आनंद आहे, कारण ह्या फुलाला आपल्याकडे कायम "साधंच आहे" म्हणून बाजूला ठेवतात.

आता जात निवडण्याबद्दल, कारण छोट्या जागेत निम्मं काम इथेच होतं. नर्सरीत नुसतं "क्लाइंबर आहे का" विचारलं तर जे असेल ते हातात देतात, पिशवीवर लाल-पिवळी-गुलाबी एवढंच लिहिलेलं, आणि ते झाड किती वाढणार हे कोणी सांगत नाही. क्लाइंबिंग पीससारखे जे आहेत, म्हणजे मोठ्या फुलाच्या गुलाबाचे वेल झालेले प्रकार, त्यांच्या काड्या जाड, ताठ, सहज १०-१२ फूट जाणाऱ्या, त्यांना ४ फुटाच्या पट्ट्यात कोंडणं म्हणजे त्यांचाही छळ आणि आपलाही. आणि आपल्याच देशात मणिपूरच्या डोंगरात रोझा जायगँटिया म्हणून जंगली गुलाब आहे तो तर झाडांवरून ४०-५० फूट चढतो, त्याच्यापासून कोडाईकनालच्या एम. एस. वीरराघवन यांनी उष्ण हवेत टिकतील असे सुंदर नवीन गुलाब तयार केलेत, त्यांच्याबद्दल एकदा स्वतंत्र लिहायचंय मला, पण ते सगळं मोठ्या जागेचं काम. कॉकटेलच्या काड्या साधारण ६-७ फुटांवर थांबतात, आणि वर्षभर थांबून थांबून फुलतो, एकाच बहरात संपत नाही. छोट्या भिंतीसाठी मला ह्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, पूर्ण वाढल्यावर किती होणार आणि परत परत फुलणार का. वास मात्र अगदी हलका आहे, वासासाठीच लावायचा असेल तर हा नको, दुसरा बघा. सोलापूर रोडला हडपसर, मांजरी ते उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्या आहेत तिथे नाव सांगून मागा आणि शक्यतो फुलावर असलेलं रोप घ्या, कॉकटेल ओळखण्यात चूक होणं अवघड आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं तिथेही जरूर जा, फुलं डोळ्यांनी बघून जात ठरवता येते.

भिंतीची तयारी रोप आणायच्या आधी करायची. गुलाब हा वेल म्हणवतो खरा पण तो स्वतः काही धरत नाही, कृष्णकमळासारखे आधाराला गुंडाळणारे तणावे नाहीत, गोकर्णीसारखा पिळा घालत नाही, जंगलात नुसत्या काट्यांच्या आधाराने दुसऱ्या झुडपात अडकत अडकत वर जातो. आपल्या भिंतीवर त्याला बांधावंच लागतं. आम्ही ५ फुटी भिंतीला चार आडव्या तारा मारल्या, पहिली जमिनीपासून दीड फुटावर आणि मग फूट-फूट अंतराने, १२ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार, दोन्ही टोकांना आय हुक आणि एका बाजूला ताणायला टर्नबकल, मधे मधे आधाराला हुक. तार भिंतीला चिकटून नाही, ३-४ इंच पुढे, म्हणजे मागून हवा खेळते आणि बांधायला बोटं जातात. सोसायटीत ह्यावर मीटिंग झाली होती, भिंतीत ओल येईल, प्लास्टर निघेल वगैरे, तर तो प्रश्न रास्तच आहे पण तो भिंतीला मुळं चिकटवणाऱ्या फायकसच्या वेलीबद्दल आहे, गुलाब भिंतीला शिवतसुद्धा नाही. रंगकामाच्या वेळी गाठी सोडायच्या, काड्या पुढे झुकवून ठेवायच्या, रंग वाळला की परत बांधायच्या.

खड्डा भिंतीपासून सव्वा-दीड फूट लांब घ्या. भिंतीच्या अगदी बुडाशी पाऊस पोचत नाही, शिवाय बांधकामाचं सिमेंट आणि चुना मातीत उतरलेला असतो आणि मग पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्याकडे तर डबरच निघालं, विटांचे तुकडे, खडी, ते सगळं दोन फुटापर्यंत काढून टाकलं. नुसती काळी माती भरू नका, पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाडसर वाळू, वर दोन मुठी निंबोळी पेंड, मूठभर बोनमील. रोपाची डोळा (अंकुर) भरलेली जागा, म्हणजे जंगली खुंटावर हा गुलाब कलम केलाय तिथे खोडावर जी गाठ दिसते ती, मातीच्या वर राहू दे. गॅलरीवाल्यांसाठी, १८ इंची कुंडी किंवा तेवढी ग्रो बॅग पुरते, काड्या ग्रिलवर आडव्या फिरवायच्या, बाकी सगळं तेच, फक्त पाणी आणि खत जास्त वेळा लागतं आणि गॅलरीत निदान ५-६ तास ऊन हवं. आमच्या भिंतीला पूर्वेचं ऊन आहे, सकाळपासून एक-दीड वाजेपर्यंत, पुण्यात मला हेच सगळ्यात चांगलं वाटतं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. वेल गुलाब उभा बांधायचा नाही. पुण्यात मी कितीतरी घरांसमोर बघते, एक बांबू नाहीतर गेटचा खांब, त्याला गुलाब सरळ वर बांधलेला, खाली पाच फूट नुसत्या काट्याच्या काड्या आणि वर शेंड्याला, पहिल्या मजल्याच्या लोकांना दिसतील अशी, चार फुलं. झाडाचा ह्यात काही दोष नाही. काडीच्या शेंड्याच्या डोळ्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते काडीतून खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं, म्हणजे सगळी ताकद शेंड्यालाच. तीच काडी आडवी केली की शेंड्याचा हा वचक कमी होतो आणि काडीवर जेवढे डोळे आहेत तेवढे सगळे जागे व्हायला लागतात. प्रत्येक डोळ्यातून एकेक आखूड फुटवा वर येतो, ६ ते १० इंचांचा, आणि प्रत्येकाच्या टोकाला झुपका. म्हणजे एका काडीला एक झुपका यायचा तिथे दहा-बारा येतात, आणि तेही गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सगळीकडे, आपल्या डोळ्यांसमोर. छोट्या जागेत उंची आपल्याकडे नसतेच, लांबी मात्र असते, कॉकटेलच्या काड्या दोन्ही बाजूंना आडव्या नेल्या की ५ फूट उंच आणि १०-१२ फूट लांब भिंत आरामात भरते.

वाकवताना घाई नको. काडी कोवळी, हिरवी, पेन्सिलीपेक्षा जरा जाड असते तेव्हाच वळण लावायला घ्यायचं, लाकूड धरलं की कडकन मोडते. दुपारनंतर काड्या जराशा सैल असतात तेव्हा वाकवणं सोपं जातं, पाणी घातल्या घातल्या त्या ताठ असतात. पहिल्या आठवड्यात थोडी तिरकी, सुतळीने ओढून पुढच्या हुकाला, मग आणखी थोडी, असं करत तीन-चार आठवड्यांत तारेवर आणायची. शेंडा मात्र बाकीच्या काडीच्या खाली लोंबू द्यायचा नाही, नाहीतर वळणाला जिथे उंचवटा होतो तिथलाच डोळा जोर धरतो आणि तिथून सरळ वर एक काडी सुटते. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घेते मी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास, एक वेढा तारेला आणि एक काडीला, मधे बोट जाईल इतकी ढील. केबलवाले वापरतात ते प्लास्टिकचे टाय कृपा करून वापरू नका, काडी जाड होते आणि टाय सालीत रुततो. आडवी बांधल्यावर साधारण पंधरा दिवसांनी जवळ जाऊन बघा, प्रत्येक पानाच्या बगलेत आधी एक लालसर ठिपका फुगतो, ज्वारीच्या दाण्याएवढा, मग त्यातून चकचकीत तांबूस पानं घडी सोडत बाहेर येतात, काडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला फुलांइतकंच हे बघायला आवडतं.

आमच्या सोसायटीत जे माळीकाका येतात त्यांचा हात कात्रीवर फार पटकन जातो, आणि पहिल्यांदा बुडातून एक जोरदार लांब काडी सुटली तेव्हा ते म्हणाले, "ताई, ही काढून टाकतो, एवढी वाढलीय आणि फूल एक नाही तिला, नुसता जोर खातीय." मी म्हटलं, "काका, हिलाच तर फुलं येणारेत, तुम्ही मला ही आडवी बांधून द्या, मग बघू." बांधून दिली त्यांनी, जरा नाराजीनेच. त्या हिवाळ्यात त्या एका काडीवर जेवढे झुपके आले ते बघून आता ते दुसऱ्यांच्या बागेतही आडवं बांधतात आणि मला येऊन सांगतात, "ताई, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातपण वाकवून ठेवलाय बरं का." ते बुडातून येणारे नवे जाड फुटवे म्हणजे वेल गुलाबाची पुढची पाच-सहा वर्षं, त्यांना हात लावायचा नाही. अट एकच, तो फुटवा डोळ्याच्या गाठीच्या वरून आलेला हवा. गाठीच्या खालून आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या जंगली गुलाबावर डोळा भरलाय त्याचा, आणि तो ठेवला तर हळूहळू मूळ गुलाब मागे पडतो. तो कापायचा नाही, माती बाजूला करून बुडापासून ओढून तोडायचा, कापला तर तिथून आणखी दोन येतात. एका देठावर सात पानांची फूट म्हणजे जंगली आणि पाच पानांची चांगली असं जे सांगतात त्यावर जाऊ नका, चांगल्या वेल गुलाबांनाही सात-सात पानं असतात. कुठून निघालंय एवढंच बघायचं.

पहिली दोन वर्षं छाटणी नाही. फक्त सुकलेलं काढायचं आणि काड्या वाढू द्यायच्या, तोपर्यंत फुलं कमी येतात त्याची चिंता करू नका. त्यानंतर पाऊस थांबला की ऑक्टोबरात छाटणी, पण बाकीच्या गुलाबांची करतो तशी निम्मं झाड उतरवणारी नाही. आडव्या मुख्य काड्या तशाच ठेवायच्या, त्यांच्यावरचे फुलून गेलेले आखूड फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आणायचे, आणि अगदी जुनी, करडी पडलेली, साल फाटलेली एखादी काडी असेल तर ती बुडातून काढून तिच्या जागी नवी बांधायची. कापलेल्या जाड टोकांना बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावतो, १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र. पेस्ट नाही लावली तर शेंड्याकडून काळं पडत काडी खाली खाली मरत येऊ शकते. तशी मर दिसली तर आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली कापत यायचं. छाटणीनंतर गांडूळखत आणि निंबोळी पेंड, आणि मग सहा-सात आठवड्यांत, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, मोठा बहर.

रोगराई म्हणाल तर पावसाळ्यात काळे ठिपके हा खरा त्रास. त्या बुरशीला पान सलग सात-एक तास ओलं मिळालं की ती रुजते, त्यामुळे पाऊस आपल्या हातात नसला तरी बाकी वर्षभर पाणी सकाळीच आणि मुळाशी घालायचं, संध्याकाळी पानांवर पाइप धरायचा नाही, आणि खाली पडलेली डागाळलेली पानं रोज वेचून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. आडव्या बांधणीचा इथेही फायदा होतो, काड्या पसरलेल्या असतात, पानं लवकर सुकतात. थंडीत रात्री गार आणि दुपारी उबदार असं सुरू झालं की कोवळ्या शेंड्यांवर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) येते, पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम लिटरला, दोनदा मारलं की आटोक्यात. उन्हाळ्यात ते गंधक वापरू नका, पानं भाजतात. एप्रिल-मे म्हणजे भिंत तव्यासारखी तापते, तेव्हा पानाच्या खालून लाल कोळी येतो, बारीक जाळी आणि पानं धुरकट, त्यासाठी सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा हाच सगळ्यात चांगला उपाय, औषधापेक्षा चांगला. मावा आला तर कडुनिंबाचं तेल ५ मिली, थोडा साबण, १ लिटर पाणी, पण संध्याकाळी, माश्या गेल्यावर. बुडात वाळक्या पानांचं जाड आच्छादन ठेवलं की उन्हाळ्यात दिवसाआड पाण्यावर भागतं. बोअरचं पाणी असेल तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं लोह) महिन्याला एकदा द्या, जड पाण्याने तीच पिवळी पानं होतात.

काट्यांचं विचारतात, कारण सोसायटीत मुलं खेळतात. कॉकटेलला काटे भरपूर आहेत. पण गुलाबाचा काटा नुसत्या सालीवर असतो, आत लाकडाशी जोडलेला नसतो, अंगठ्याने आडवा दाबला की टक्कन निघतो आणि खाली एक लंबगोल फिकट डाग राहतो, बस. मुलांच्या उंचीला, रस्त्याच्या बाजूला असलेल्या काड्यांवरचे काटे मी असेच मोडून टाकते, झाडाला काही होत नाही.

ऑक्टोबरात छाटलेले पेन्सिलीएवढे जाड तुकडे फेकत नाही आम्ही. ६ ते ८ इंचांचे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरची दोन पानं ठेवून बाकी काढायची, निम्मं कोकोपीट आणि निम्मी वाळू भरलेल्या पिशवीत दोन डोळे आत जातील असे खोचायचे आणि वरून तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी. सावलीत ठेवायचं, पाच-सहा आठवडे ओढून बघायचं नाही. अशी रोपं स्वतःच्या मुळांवर असतात, म्हणजे खुंटाच्या फुटीची भानगडच नाही. आमच्या बाजूला राहणारे कोणी असाल तर दसरा झाला की येऊन तुकडे घेऊन जा, ओल्या कागदात गुंडाळून देईन, पण आधी भिंतीला तारा मारून ठेवा.